कापसाच्या खोलीतला सिनेमा

नागपूरहून चंद्रपूरला जाणारी एसटी जामच्या चौरस्त्यावर थांबते, तेव्हा माझ्या आत काहीतरी सैल पडतं. पुण्यात आयुष्य गेलं तरी भूक लागते ती इथेच. तर्रीत बुडालेले पोहे खाऊन पुढे वरोऱ्याला उतरले. तिथून मावशीच्या गावाला जीप. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उभी होती, बोंडं फुटून गेलेली, शेवटच्या वेच्याचा कापूस कुठे कुठे लोंबत होता.

या प्रवासाला कारण होतं 'स्थळ'. जयंत सोमलकरचा हा चित्रपट २०२३ साली टोरांटो महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला, तिथे त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कारही मिळाला. कथा चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावची, पडद्यावरचे बहुतेक चेहरे कधीच अभिनय न केलेल्या गावकऱ्यांचे. कापूसवाल्या बापाची सविता बी.ए. शिकतेय, तिला एमपीएससी द्यायची आहे, आणि घरी एकामागून एक पाहुणे येताहेत. नाव काय, उंची किती, छंद कोणते. तेच प्रश्न, तीच बैठक, तेच पोहे. मी तो एका महोत्सवात पाहिला. पहिल्या प्रश्नोत्तरांना सभागृह खळखळून हसलं, दुसऱ्याला कमी, तिसऱ्याला कोणी खोकलंसुद्धा नाही. दिग्दर्शकाने एवढंच केलं असतं तरी मी त्याला मानलं असतं. पण शेजारचे गृहस्थ बाहेर पडताना म्हणाले, "फार अस्सल आहे हो." अस्सल म्हणजे काय, हे त्यांना कशावरून कळलं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. मार्च २०२५ मध्ये तो चित्रपटगृहात लागला तेव्हा पुन्हा पाहिला, तरी गेला नाही.

डोंगरगावला मात्र गेले नाही. चित्रपटाचं गाव शोधत जाऊन कुणाच्या दारापुढे फोटो काढायचे, हे मला जमत नाही.

मावशीचं घर बदललेलं नाही. फरक एवढाच, की समोरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला टेकून कापसाचा ढीग पार खिडकीपर्यंत. "भाव चढन म्हणून ठेवला," मावसाजी म्हणाले. लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता, पण गावात गाडी घेऊन येणारा व्यापारी त्याच्या बराच खाली मागायचा, ओलावा जास्त आहे म्हणायचा. घरात कापूस ठेवला की अंगाला खाज सुटते. रात्री मी त्याच खोलीच्या दाराशी झोपले आणि सकाळपर्यंत दंड खाजवत होते. 'स्थळ'मधला बापही कापसाचे पैसे हातात पडायची वाट बघतो. सभागृहात ते मला कथानकाचा एक धागा वाटलं होतं. इथे तो ढीग झोपायची जागा खाऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशीने वांगी चुलीत भाजली, वरून हिरवागार सांबार चिरून टाकला (पुणेकरांनो, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, इडलीची वाट बघू नका). जेवताना मी त्यांना सविताची गोष्ट सांगितली. मावशी ऐकत होती, भाकर थापत होती.

"तं त्यात नवीन काय आहे बाप्पा? आपल्या गावात तं दिवाळी झाली की घरोघरी लागते हा सिनेमा."

"टोरांटोत टाळ्या पडल्या मावशी."

"पडन नाही तं काय. त्यायले थोडी पोरगी उजवायची आहे."

मावसाजी जुन्या काळात शिरले. त्यांचा आवडता एकच, 'देवकीनंदन गोपाला'. १९७७ चा, राजदत्त यांचा, डॉ. श्रीराम लागू गाडगेबाबा झालेले. जत्रेत तंबूतल्या टॉकीजमध्ये पाहिला म्हणाले, जमिनीवर बसून. रीळ बदलेपर्यंत लोक अंधारात "गोपाला गोपाला" म्हणत बसायचे. शेंडगावचा बाबा, अमरावतीकडचा, म्हणजे आपलाच माणूस. लागू त्यांना अजून नट वाटतच नाहीत.

मी माझा जुना आवडता सांगितला, २००९ चा 'गाभ्रीचा पाऊस'. सतीश मनवरच्या या चित्रपटात शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलका आपल्या नवऱ्यावर, किसनावर, नजर ठेवायला लागते. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी. मी उत्साहात बरंच बोलले असेन. मावसाजी उठून बैलांना कडबा टाकायला गेले.

"टीव्हीवर लागला होता तो," मावशी हळूच म्हणाली. "अर्धा झाला न् यायनं बंद केला. मंग मी काही लावला नाही."

मी पुढचं बोलले नाही. महोत्सवातल्या चर्चेत मी हाच चित्रपट दोनदा 'संयत' म्हणून गौरवला होता.

मावसबहीण एवढा वेळ मोबाईलवर होती. ती तलाठी भरतीचा अभ्यास करते. तिने मान वर केली.

"त्या सवितानं परीक्षा देली का शेवटी?"

"बघ ना तूच."

"ताई, सांग ना."

मी नाही सांगितलं. मग तिला सुरुवात तरी सांगावी म्हणून सांगितली: पहिल्याच प्रसंगात मुलीकडच्या बायका मुलाला बघायला येतात, तो मान खाली घालून बसतो. नंतर कळतं की हे स्वप्न आहे.

मावशीच्या हातातली भाकर तव्यावर करपली. ती इतकी हसली की डोळ्याला पदर लावावा लागला. मावसाजी कडबा टाकून आत आले, तर तिने समोरचा पाट पायाने पुढे सरकवला.

"बसा. नाव काय तुमचं?"

"का झालं?"

"नाव सांगा आधी. उंची?"

मावसाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पाटावर बसले. "पाच फूट चार."

"शेती किती?"

"सहा एकर. कोरडवाहू."

मावशीने मावसबहिणीकडे पाहून नाक मुरडलं. "कळवतो म्हणा."