खाली नाव कुणाचं?

आमच्या प्रेसच्या कपाटात एक जुनी बॉक्स फाइल आहे. तिच्यावर वडिलांच्या अक्षरात लिहिलंय, 'निवडणूक - घोषणापत्रं'. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या याच दोन खोल्यांत वडील ट्रेडल मशीनवर पत्रकं काढायचे, मी ऑफसेटवर काढतो. निवडणूक लागली की ही फाइल खाली येते.

छापखान्याबाहेरच्या माणसाला हे सहसा माहीत नसतं, म्हणून सांगतो. निवडणुकीचं साधं हँडबिल छापायचं म्हटलं तरी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ क लागतं. खाली मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता पाहिजे. प्रकाशकाने सही करून घोषणापत्र द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी त्यावर सह्या करायच्या. छापल्यापासून ३ दिवसांत ते घोषणापत्र आणि पत्रकाच्या प्रती जिल्हाधिकारी कार्यालयात पोचवायच्या, सोबत किती छापली आणि किती पैसे घेतले तेही लिहून द्यायचं. चुकलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मी नववीत असतानाची गोष्ट. ३,००० पत्रकं छापून, गठ्ठे बांधून तयार होती, बाहेर रिक्षा उभी होती. वडिलांनी सवयीने वरचा कागद काढून दिव्याखाली धरला, आणि खालची नाव-पत्त्याची ओळच नाही! कंपोझ करताना राहून गेली होती. रिक्षावाला म्हणाला, "राहू दे की काका, कोण बघतंय!" वडिलांनी उत्तर दिलं नाही. जुळणीची स्टिक हातात घेतली, एकेक खिळा, म्हणजे शिशाचं अक्षर, उचलून ती एवढी एकच ओळ जुळवली, चेसच्या चौकटीत बसवली आणि सगळे कागद पुन्हा मशीनवर घातले. ट्रेडलला प्रत्येक कागद हाताने लावायचा आणि हाताने काढायचा. मी रात्रभर काढायला बसलो होतो. पहाटे शेवटच्या गठ्ठ्याला सुतळी बांधताना ते एवढंच म्हणाले, "आता हा कागद आपला झाला."

आता २०२४ च्या विधानसभेचं सांगतो. मतदान २० नोव्हेंबरला होतं. १७ तारखेच्या रविवारी, रात्री साडेनऊला, आमच्या भागातला एक पोरगा आला. लहानपणापासून बघतोय त्याला, त्याच्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका मीच छापलेली. मोबाईल पुढे केला. त्यावर एका तालमीचं बोधचिन्ह, खाली एका उमेदवाराचा फोटो, आणि 'आमच्या तालमीचा जाहीर पाठिंबा'.

कोल्हापुराबाहेरच्यांना तालमीचा पाठिंबा म्हणजे काय ते कळणार नाही. आमच्याकडे तालीम म्हणजे नुसता आखाडा नाही. गणपती, फुटबॉलचा संघ, मयताला खांदा, पूर आला की बोट, सगळं तालमीचं. तालमीने शब्द दिला की त्या गल्लीतली घरं तो शब्द मोजतात.

"मामा, २,००० काढून द्या. सकाळी सहाला पाहिजेत."

"अध्यक्षांना घेऊन ये. सही लागते."

"खाली नाव नको की टाकायला. जादा घ्या पैसे."

"नावाशिवाय जमणार नाही बाळा."

तो चिडला नाही, उलट हसला. "राहू दे मामा, मोबाईलवर सोडतो." गाडीला किक मारली आणि गेला. मी शटर ओढून जेवायला बसलो तोवर भागातल्या ग्रुपवर ते चित्र आलं होतं. सकाळी दूध आणायला गेलो, तर दुधवाल्याच्या मोबाईलवर तेच, वर फॉरवर्डचे दोन बाण. म्हणजे तोवर ते किती हातांतून फिरलं होतं बघा. व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ पासून आपल्याकडे एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा घातली, आणि दोन बाणांचा मेसेज २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी जातो. तरी एका रात्रीत ते पेठभर झालं.

धंदा गेला म्हणून हा रडतोय असं कुणी म्हणेल. गेला, हे खरंच आहे. मतदारांच्या स्लिपा पूर्वी आमच्याकडे रिमांनी छापायच्या. आता कार्यकर्ता दारात उभा राहून मोबाईलमध्ये आडनाव टाकतो आणि कमरेला लावलेल्या ब्लूटूथ प्रिंटरमधून चिठ्ठी बाहेर येते, वर उमेदवाराचा फोटो. मतदान केलं की नाही तेही दुपारी त्याच अ‍ॅपमध्ये टिक होतं. पण त्याचं मला दुःख नाही, यंत्र बदलायचंच. खिळे गेले तेव्हा आमचे कंपोझिटरही घरी बसले.

आणि मोबाईलने चांगलंही केलंय. २०१९ च्या लोकसभेला काँग्रेसच्या सतेज पाटलांचं 'आमचं ठरलंय' आठवा. दोन शब्द, पण स्टेटसवरून आणि तोंडातोंडी जिल्हाभर गेले, आणि निवडून आले शिवसेनेचे संजय मंडलिक. ते शब्द कुणाचे हे शाळेतल्या पोरालाही माहीत होतं, म्हणून मला ते चालतं. माझी आई ७८ वर्षांची. तिचे गुडघे गेलेत, सभेला जाणं जमत नाही. २०२४ ला तिने दोन्ही बाजूंची भाषणं पलंगावर बसून पूर्ण ऐकली आणि स्वतःचं मत स्वतः ठरवलं. पूर्वी घरातले पुरुष बिंदू चौकातली सभा ऐकून यायचे आणि ते सांगतील तेवढंच तिला कळायचं. हे मी मोठं मानतो.

निवडणूक आयोगाने हात बांधून घेतलेत असंही नाही. २०१३ पासून उमेदवाराला शपथपत्रात आपली सोशल मीडियाची खाती सांगावी लागतात, तिथली जाहिरात आधी प्रमाणित करून घ्यावी लागते. आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर फोटो टाकून तक्रार केली तर १०० मिनिटांत दखल घ्यायची असते. मे २०२४ मध्ये आयोगाने पक्षांना सांगितलं की बनावट व्हिडिओ लक्षात आल्यापासून ३ तासांत काढा. पण हे सगळं उमेदवाराच्या आणि पक्षाच्या खात्याला. गल्लीतल्या पोराने रात्री दहाला सोडलेलं चित्र कुणाच्या खात्यावर लिहायचं?

त्या रात्री मी १२७ क पुन्हा काढून वाचलं. त्यात छपाईची व्याख्या दिलीय: हाताने नक्कल करणं सोडून, मजकुराच्या प्रती वाढवायची कुठलीही पद्धत म्हणजे छपाई. मी ते तीन वेळा वाचलं. मी वकील नाही. पण प्रती वाढवणं म्हणजे छपाई असेल, तर फॉरवर्डचं बटण दाबणारा प्रत्येक अंगठा छापखानाच नाही का? मग खाली नाव मी एकट्यानेच का टाकायचं? कोल्हापुरात हा प्रश्न हलका नाही. जून २०२३ मध्ये काही स्टेटसवरून शहर पेटलं होतं, शिवाजी चौकात लाठीमार झाला, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. तेव्हा आठवडाभर प्रेसमध्ये कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

१८ तारखेला सकाळी तालमीचे अध्यक्ष आणि दोन जुने वस्ताद प्रेसमध्ये आले. पाठिंबा त्यांनी कुणालाच दिला नव्हता. वस्तादांचे हात थरथरत होते, सत्तर वर्षांच्या तालमीचं नाव होतं ते. आम्ही खुलाशाचं पत्रक केलं. अध्यक्षांनी घोषणापत्रावर सही केली, दोघा वस्तादांनी साक्षीला. १,००० प्रती काढल्या. खाली बारीक अक्षरात त्यांचं नाव, माझं नाव, प्रतींची संख्या. प्रचार संध्याकाळी संपणार होता, त्याआधी तालमीची पोरं घरोघरी देऊन आली. कुणीतरी त्याचा फोटो काढून ग्रुपवरही टाकला.

रात्री माझ्या मोबाईलवर तो फोटो चौथ्यांदा आला. बोधचिन्ह मोठं दिसावं म्हणून कुणीतरी कापला होता, खालची ओळ गेली होती. त्याच ग्रुपवर, त्याच्याच वर, आदल्या रात्रीचं चित्र होतं. दोन्हींवर तेच बोधचिन्ह, दोन्हींखाली नाव नाही. त्या ग्रुपवर एका बाईंनी विचारलं होतं, "यातलं खरं कुठलं समजायचं?" मी फाइलमधली मूळ प्रत काढली, खालच्या ओळीसकट फोटो काढला आणि त्यांना पाठवला.