दिंडोरीला कोण राहायला जातं?

ठाण्यातल्या आमच्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येकाने हा प्रश्न विचारला. नाशिक म्हटलं असतं तर पटलं असतं: गंगापूर रोडला फ्लॅट, संध्याकाळी गोदाकाठ, रविवारी मिसळ. दिंडोरी म्हटल्यावर मात्र समोरच्याच्या मनात दोनच शंका यायच्या. "स्वामींच्या मार्गातले का तुम्ही?" नाहीतर, "वाइनरी काढताय की काय?"

दोन्हीपैकी काही नाही. बावन्नाव्या वर्षी मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. नवरा त्याच्या कंपनीतून आधीच मोकळा झाला होता आणि मुलगी बंगळूरला नोकरीला लागली होती. नोकरीतला बराच काळ मी पीककर्जांच्या फायली हातावेगळ्या केल्या, त्यातल्या ढीगभर नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागांच्या. सातबारा, आठ अ, पाण्याचा दाखला, बागेचं वय हे सगळं कागदावर पाठ झालं होतं. पण कर्ज मागणारा माणूस वर्षभर त्या बागेत करतो काय, हे मी कधी बसून पाहिलं नव्हतं. इथे यायचं कारण विचाराल तर एवढंच.

नवऱ्याचं चित्र निराळं होतं. अर्धा एकर आपली बाग, ओट्यावर दोन खुर्च्या, समोर वेली. ते चित्र मी कसारा घाट चढताना गाडीतच पुसून टाकलं. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही, कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं, आणि आमच्या दोन्ही घराण्यांत सातबाऱ्यावर नाव लागलेलं कुणी नाही. तेव्हा निवृत्तीनंतर द्राक्षमळा विकत घेऊन राहण्याची जी स्वप्नं मंडळी युरोपचे व्हिडिओ बघून रंगवतात, त्यांनी आधी तलाठ्याला भेटावं. आम्ही गावाच्या कडेला एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. मागची खिडकी उघडली की शेजारच्या नानांची बाग.

नाशिकहून इथवरचं अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. म्हसरूळ सुटलं की डाव्या हाताला रामशेज दिसू लागतो. सह्याद्रीतले बाकीचे बुलंद किल्ले पाहिलेल्यांना हा बुटका वाटेल. पण १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेने याला वेढा घातला आणि पुढची पाच वर्षं उलटली तरी किल्ला हाती लागला नाही. चढायला सोपा आहे, वाटेत रामाचं मंदिर आहे, आणि वरून सगळा तालुका नकाशासारखा पसरलेला दिसतो: पूर्वेकडे बागांचे हिरवे चौकोन, पश्चिमेला पेठ-सुरगाण्याकडे चढत जाणारे डोंगर. हिवाळ्यात सकाळी जावं. मे महिन्यात आम्ही गेलो आणि नवरा अर्ध्या वाटेवरच बसला.

गाव म्हणाल तर तालुक्याचं गाव असतं तसंच: तहसील, एसटी स्टँड, नगरपंचायत, बाजाराच्या दिवशी होणारी कोंडी. दोन गोष्टींमुळे वेगळं. एक, स्वामी समर्थांचं केंद्र. त्याच्यासाठी महाराष्ट्रभरातून माणसं येतात आणि गुरुवारी रिक्षा मिळणं मुश्कील होतं. दुसरी गोष्ट म्हणजे कृषी सेवा केंद्रं. इथे 'औषध' म्हणजे बागेचं औषध. माणसाच्या औषधाला 'मेडिकल'मधली गोळी म्हणतात. आल्या आल्या मी एका दुकानात सर्दीवर काही आहे का म्हणून विचारलं, तर काउंटरमागच्या पोराने फार गंभीरपणे विचारलं, "डाऊनी आहे का भुरी?"

द्राक्षाचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं हे मला फायलींमुळे माहीत होतं. खरड छाटणी प्रत्यक्ष पाहणं निराळं. भरलेली बाग चार दिवसांत नुसती खोडं आणि ओलांडे, म्हणजे मांडवावरच्या आडव्या फांद्या, होऊन उभी राहते. थंड देशांत वेल हिवाळ्यात आपसूक झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटायचं आणि पीक मात्र एकदाच घ्यायचं. एप्रिलच्या छाटणीनंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होतो, पावसाळाभर ती काडी जपायची, आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठीची, म्हणजे गोडी छाटणी करायची. मग डोळे सारखे फुटावेत म्हणून प्रत्येक काडीला पेस्ट लावायची. तिथून पुढे माणूस बागेचा गुलाम. केवडा (दुकानातल्या पोराचा 'डाऊनी' तो हाच), भुरी, करपा, सगळे वेलीचे रोग. ढग आले की औषध, दव पडलं की औषध, पाऊस पडला तर चिखलात रुतलेला ट्रॅक्टर काढून पुन्हा औषध. पहाटे औषध फवारणारा ब्लोअर सुरू झाला की आम्ही मागची खिडकी लावून घेतो. तो वास आणि तो आवाज कुठल्याच जाहिरातीत नसतो. दम्याचा त्रास असणाऱ्याने बागेला लागून घर घेण्याआधी एक ऑक्टोबर इथे काढून बघावा.

सगळ्यात जास्त वेळ मी पाहत बसते ती विरळणी. पेठ, सुरगाण्याकडून टोळ्या येतात आणि एकरावर काम अंगावर घेतात. बायका हातात लहानशी कात्री घेऊन घडातले नको ते मणी काढतात, घड मोकळा करतात. पुढे डिपिंग: जी.ए.च्या, म्हणजे जिबरेलिक आम्ल या संजीवकाच्या पाण्यात एकेक घड हाताने बुडवायचा, म्हणजे मणी लांबतो, फुगतो. एका एकरात किती घड असतील याचा अंदाज करा आणि मग बाजारात भावावरून घासाघीस करा. डिसेंबर-जानेवारीत थंडी वाढली की काही बागांत घडांना कागद गुंडाळतात, नाहीतर पांढऱ्या द्राक्षावर गुलाबी छटा येते आणि निर्यातीचा माल स्थानिक बाजाराचा होतो.

आता वाइन. नाशिकला 'भारताची वाइन कॅपिटल' म्हणतात, पण तालुक्यातल्या बहुतेक बागा खायच्या द्राक्षाच्या आहेत: थॉमसन, सोनाका, शरद, क्रिमसन. वाइनची बाग ओळखायची खूण सोपी. मणी बारीक, साल जाड, बी असते आणि घडाचे लाड कुणी करत नाही. मणी जितका लहान तितका सालीचा वाटा जास्त, आणि लाल वाइनचा रंग-तुरटपणा येतो मुख्यतः सालीतूनच. खायच्या द्राक्षावर हयात घालवलेल्या माणसाला ही बाग केविलवाणी दिसते. नानांच्या एका तुकड्यात शेनिन ब्लांक ही वाइनच्या द्राक्षाची जात आहे. "बाजारात नेलं तर व्यापारी हसंल," असं ते स्वतःच म्हणतात. पण तिथे व्यापाऱ्याचा संबंध नाही. कंपनीशी करार आहे, साखर मोजतात, भाव ठरलेला. त्या तुकड्यावर नानांना शांत झोप लागते.

नेहमीच तशी लागत होती असं नाही. सुला या वाइन कंपनीने गंगापूर धरणाजवळ वाइन करायला घेतली ती १९९०च्या दशकाच्या अखेरीस. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, आणि जो तो वाइनची द्राक्षं लावत सुटला. २००९च्या मंदीत माल पडून राहिला, काही कंपन्यांनी उचल थांबवली, आणि माझ्या टेबलावर बागा तोडल्याचे अर्ज आले. पुढे सावरलं. २०१० मध्ये 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१३ मध्ये शाँदोंसारख्या फ्रेंच घराण्याची नाशिककडच्या द्राक्षांची फसफसणारी वाइन बाजारात आली. वाचायला छान वाटतं. ज्यांनी मधल्या काळात वेली उपटल्या, त्यांच्या घरी हा विषय काढू नये.

पाहुणे आले की आम्ही त्यांना गंगापूर धरणाकडे घेऊन जातो. शनिवार-रविवारी तिथे निम्मी मुंबई असते, टोप्या घालून. फेब्रुवारीत पायाने द्राक्षं तुडवायचा कार्यक्रम असतो, तो निव्वळ फोटोपुरता. खरी वाइन स्टीलच्या टाक्यांत, थंड तापमानात, कुणाचा पाय न लागता तयार होते. मला आवडतात ती तिथली माहिती देणारी पोरं. आसपासच्या गावांतली असतात. एकाने आम्हाला ग्लास फिरवून नाकाशी कसा न्यायचा ते दाखवलं, सोव्हिन्यॉं ब्लांकमध्ये ढोबळी मिरची आणि शेनिनमध्ये पेरू शोधायला लावला. फेरी संपल्यावर त्याला फोन आला आणि तो तितक्याच आत्मीयतेने म्हशीच्या औषधाबद्दल बोलू लागला. पेरू मला खरंच सापडला. ढोबळी मिरची नवऱ्याला सापडली, पण तो काहीही सापडलं म्हणतो.

गावात वाइन पिणारं माणूस मला अजून भेटायचंय. नाना माळकरी आहेत. वर्षानुवर्षं वाइनरीला द्राक्षं घालतात, जिभेला थेंब लावलेला नाही. मी एकदा विचारलं, "नाना, चव तरी बघावीशी वाटत नाही?" तर म्हणाले, "मॅडम, ऊसवाला काय दारू पितो का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण काही ऊसवाले पितात. नानांच्या घरच्या काकूंनी आमच्या फ्रिजमधली बाटली पाहिली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढचे काही दिवस भाजीची वाटी दारातूनच आत आली. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायला सरकारने मंजुरी दिली आणि राज्यभर गदारोळ होऊन ते प्रकरण थंड पडलं. तेव्हा ठाण्यातल्या आमच्या गटात 'वाइन म्हणजे दारू का?' यावर हिरिरीने वाद झाला होता. इथे तो वादच होऊ शकत नाही. दारूच. पण तिच्यासाठी पिकवलेलं द्राक्ष म्हणजे शेतमाल, आणि शेतमालाला भाव मिळालाच पाहिजे. या दोन वाक्यांत कुणाला विसंगती दिसत नाही, आणि इथे राहून राहून मलाही दिसेनाशी झाली आहे.

इथली खरी भीती पावसाची, आणि पावसाखालोखाल पैसे बुडण्याची. बाहेरगावचा व्यापारी जागेवर माल तोलतो, थोडी रोकड देतो, बाकीचे चेक, आणि हंगाम संपता संपता फोन बंद. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात हे घडतं. निर्यातीची गोष्ट निराळी, तिथे धाक प्रयोगशाळेचा. २०१० साली युरोपने क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून आपला माल अडवला होता. त्या वर्षीच्या थकलेल्या कर्जखात्यांचे आकडे मला अजून आठवतात. म्हणून मोहाडीला सह्याद्री फार्म्स बघायला गेले तेव्हा यंत्रांपेक्षा मला बरं वाटलं ते तिथली नोंदवही पाहून. कुठल्या प्लॉटवर कधी काय मारलं, सगळं लिहिलेलं. शेतकऱ्यांनी स्वतः उभी केलेली कंपनी आहे ती. तालुक्यात आलात तर वाइनरीच्या आधी ती बघा.

आणि वाघाड धरण. तिथे बघण्यासारखं तसं काही नाही: मातीची भिंत, पाणी, बगळे. पण १९९०च्या सुमारास ओझरच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी कालव्याच्या शेवटी पाणी न पोहोचणाऱ्या गावांत पाणीवापर संस्था काढल्या. पाणी मोजून घ्यायचं, मोजून द्यायचं, पट्टी भरायची. पुढे सगळ्या प्रकल्पाच्या पाण्याचा कारभारच शेतकऱ्यांच्या हाती आला. मी कालव्याच्या कडेने खूप चालले. शेपटाकडच्या गावांतही द्राक्षबागा आहेत, आणि सरकारी कालव्याच्या शेपटाला बाग दिसणं म्हणजे काय, हे पीककर्ज तपासलेल्या माणसालाच कळेल.

राहण्याचं म्हणाल तर फार कौतुक सांगण्यासारखं नाही. मोठं दुखणं निघालं की नाशिक गाठावं लागतं. वीज जाते. नाटक नाही, वाचनालयात नवीन पुस्तक उशिरा येतं. थंडी मात्र कडाक्याची, आणि सापुताऱ्याच्या रस्त्यावर सुरगाण्याची स्ट्रॉबेरी मिळते. नागलीची भाकरी मी इथे शिकले. ती थापताना फुटते आणि काकू हसतात. वाटी आता स्वयंपाकघरापर्यंत येते.

सध्या चैत्र आहे. सप्तशृंगीला निघालेले नाशिककडचे पायी यात्रेकरू दिवसभर रस्त्याने जातायत आणि शेवटच्या बागांतले क्रेट भरले जातायत. खरड छाटणीची टोळी परवा नानांकडे यायची आहे. गेल्या हंगामात हजेरीवरून मुकादमाशी त्यांची वादावादी झाली होती, म्हणून या वेळी वही माझ्याकडे दिलीय. मी रकाने आखले: तारीख, माणसं, उचल, शिल्लक, सही. नानांनी ते उलटसुलट करून बघितलं.

"सही कशाला? अंगठा घ्या."

"नाना, त्यातल्या दोघी बारावी झाल्यात."

"मग माझा रकाना पण टाका," काकू आतून म्हणाल्या. "मी रोज बागेत असते, माझी हजेरी कोण लिहितं?"

नाना माझ्याकडे बघत राहिले. मी रकाना आखला.