बेथलममधला डिसेंबर

लंडनच्या दक्षिणेला बेकनहॅममध्ये बेथलम रॉयल हे मनोरुग्णालय आहे. संस्था १२४७ सालची, या जागेत १९३० पासून. नाताळाआधी मी तिथल्या वॉर्डात सजावटीला मदत करते. काचेचे गोळे नकोत, लांब दोऱ्या नकोत. कुणी स्वतःला इजा करू नये म्हणून. कात्र्याही मोजून मिळतात. मला हे नियम पटतात. उरतो कागद! एक आजोबा त्याच्या इतक्या देखण्या चांदण्या करतात की बघत राहावं.

अठराव्या शतकात, रुग्णालय मूरफील्ड्सला होतं तेव्हा, लोक चक्क करमणूक म्हणून रुग्ण बघायला यायचे. १७७० मध्ये त्यावर निर्बंध आले. हे वाचून फार संताप झाला. म्हणून मी प्रत्येक खोलीच्या दारात आधी विचारते, “येऊ का?” काल एक मुलगी “नको” म्हणाली. चांदणी नर्सकडे ठेवली. सोमवारी पुन्हा विचारेन.