भाऊसाहेबांचा माग आणि घरचे फोन

काला आंबला आता आंबा नाही. ज्या झाडावरून नाव पडलं ते कधीच गेलं. आहे तो पानिपतच्या तिसऱ्या लढाईची आठवण म्हणून उभा केलेला, लोखंडी कुंपणातला विटांचा स्तंभ. पानिपतहून इथवर यायला फार वेळ लागत नाही. मला घरातून निघायलाच उशीर झाला. आधी लेकीची सहामाही, मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन.

माझ्या पॉडकास्टचा विषय सदाशिवरावभाऊ, त्या लढाईतले मराठ्यांचे सेनापती. 14 जानेवारी 1761 ला पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि लढाईच्या गर्दीत दिसेनासे झाले. एवढं मी माईकवर बोलले आणि फोन वाजला. लेकीला कंपासपेटी सापडत नव्हती. भाऊंना तसंच गर्दीत सोडून मी कपाटातला खालचा खण सांगितला. ते सगळं रेकॉर्ड झालंय.

रात्री खोलीवर काशीराज पंडिताची हकिकत पुन्हा काढली. हा अब्दालीच्या बाजूने लढलेल्या अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौल्याच्या पदरचा, म्हणजे शत्रूच्या गोटातला मराठी माणूस. मुंडकं नसलेलं एक धड सापडलं, अंगावरच्या खुणांवरून ते भाऊंचं ठरलं, असं तो लिहितो. पाठीवरचा जुन्या वाराचा व्रण ही त्यातली एक खूण. मला ही साक्ष भक्कम वाटते. मध्येच नवऱ्याचा मेसेज: सकाळचे थेंब कुठले, निळ्या झाकणाचे की पांढऱ्या? बाटलीचा फोटो मागवला आणि मगच उत्तर दिलं. व्रणाची खात्री काशीराज करणार, थेंबांची मी!

दुसऱ्या दिवशी रोहतकजवळचं सांघी गाव. इथली परंपरा अगदी वेगळं सांगते: जखमी भाऊ इथवर आले, गावाने त्यांना लपवलं, पुढे नाथपंथी होऊन ते इथेच राहिले. तिथल्या डेऱ्यातल्या, म्हणजे नाथपंथी मठातल्या, एका आजोबांनी ही गोष्ट काल घडल्यासारखी सांगितली. मी काशीराजाचं नाव काढल्यावर ते नुसते हसले आणि चहा मागवला. पुरावा म्हणून ही कथा टिकत नाही. पण माणूस जिवंत असावा असं वाटणारी माणसं फक्त पुण्यातच नव्हती, हे तिथे बसल्यावरच कळलं.

पुण्यात त्याची किंमत मोजावी लागली. भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे किल्ले आणि फौज जमली, आणि 1776 मध्ये त्याला देहदंड झाला. पानिपतात पडलेलं धड पुण्यात कुणी पाहिलं होतं? मनात जागा होती म्हणून तोतया शिरला.

रोहतकच्या बसमधून सासूबाईंना हे सांगत होते. डोळ्याला पट्टी, त्यामुळे हल्ली त्या कान देऊन ऐकतात. मध्येच म्हणाल्या, "अगं, पण पार्वतीबाई?"

भाऊंच्या पत्नी लढाईच्या वेळी छावणीत होत्या, तिथून जीव वाचवून परतल्या. नवरा गेला हे त्यांनी मानलं नाही, कुंकू पुसलं नाही. माझ्या संहितेत त्यांना दीड ओळ होती. बसमध्येच वही काढली आणि पहिला भाग त्यांच्यापासून सुरू करायचं ठरवलं. काशीराज दुसऱ्या भागात.