मैदानावरून नोकरीपर्यंत

आज धाराशिवला पोरींचा खो-खोचा सराव बघत बसलो. खांबाकडं झेपावताना एकीचा गुडघा सोलून निघाला. माती झटकली न् पुन्हा पळाली! इथल्याच सारिका काळे या खेळाच्या जोरावर क्रीडा अधिकारी झाल्या, २०२० चा अर्जुन पुरस्कारही मिळाला.

सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण प्रमाणपत्राची पडताळणी आधी करून घ्यावी लागते, हे कित्येक आई-बापांना ठाऊकच नसतं. जाहिरात निघाली की मग पळापळ. पोलीस भरतीत मैदानी ५० गुणांची, लेखी मात्र १०० ची. म्हणून सरावानंतर अर्धा तास वह्या-पुस्तकं आणि कागदपत्रांसाठी द्यायलाच हवा. शनिवारपासून त्या अर्ध्या तासाला मी पोरींसोबत बसणार आहे. गणित शिकवणारं कुणी असेल तर या, लई गरज आहे.