जिनसेंगची पेटी उकरली: वरचा थर गेला, खालचा जिवंत आहे

जिनसेंग या औषधी मुळाच्या झाडाच्या बिया वर्षभर वाळूत पुरून ठेवलेली पेटी शनिवारी उकरली आणि जाळी उचलल्याबरोबर पोटात गोळा आला. वरची तीन बोटं वाळू कोरडी ठाक. इथे ओहायोत यंदा ऑगस्टभर पाऊस रुसला होता, आणि मी उंदरांसाठी जाड जाळी लावली पण पाणी घालायचं राहिलं. जिनसेंगची बी म्हणजे मेथी-धणे नव्हेत, बरणीत टिकत नाही. एकदा सुकली की गेली. म्हणूनच ऑनलाइन स्वस्तात कोरडं बी विकणाऱ्यांकडून घेऊ नका असं मी दर वेळी सांगते.

या माझ्याच झाडांच्या, गेल्या सप्टेंबरात लाल फळं चुरगाळून काढलेल्या बिया. वरच्या आणि खालच्या थराच्या वेगळ्या केल्या. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं. मग स्वच्छ पाण्यात. आजोळी पेरणीआधी साळ मिठाच्या पाण्यात टाकत. पोचट दाणे वर, भरलेले तळाला. इथे त्या हिशोबाने फसले. वरच्या थरातल्या बुडालेल्या दहा बिया कापल्या, तर सहांत गर तपकिरी, बोटाला चिकटणारा. कुजलेली बी पाणी पिऊन जड होते आणि तीही बुडतेच. तेव्हा तरंगलेली टाकून द्या, पण बुडालेलीवर विश्वास ठेवू नका.

म्हणून टीटीसी, म्हणजे बी जिवंत आहे का ते रंगाने सांगणारं रसायन. जिवंत पेशी श्वसन करते, त्यात हे बिनरंगी द्रावण लाल होतं. एक टक्क्याचं द्रावण, बी उभी कापून, बशी अंधाऱ्या कपाटात. (कापायला दाढीचं पातं. स्काल्पेलने टणक कवच घसरतं.) ताडून बघायला पाच बिया उकळून मुद्दाम मारून ठेवल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी त्या उकळलेल्यासुद्धा लाल!

दोन दिवस डोकं चालेना. द्रावण जुनं? पाणी खराब? शेवटी दहापट भिंगाखाली धरल्या तेव्हा कळलं: लाली गराच्या पृष्ठभागावर, डागाडागांनी, फासल्यासारखी. आतला भ्रूण पांढराच. बुरशी आणि जिवाणूही श्वसन करतात, रंग त्यांचा होता. दुसऱ्यांदा कापायच्या आधी पुन्हा ब्लीच, भरपूर धुणं, ताजं द्रावण, आणि बरोबर चोवीस तासांनी बघणं. उकळलेल्या पाचही पांढऱ्याफटक. खालच्या थरातल्या वीसपैकी सतरांचा भ्रूण या टोकापासून त्या टोकापर्यंत कुंकवासारखा लाल, दोन्ही बीजपत्रं वेगळी दिसतायत. फळ पिकतं तेव्हा हाच भ्रूण मिलिमीटरभरही नसतो. वर्षभर वाळूत पडून तो एवढा वाढलाय! मी नवऱ्याला रात्री अकराला उठवून दाखवलं.

वरच्या थरात वीसपैकी चारच. तो सगळा थर फेकणार होते, पण हे लिहिताना वही पुन्हा पाहिली. त्या चारांतल्या दोन मुळात न चिरलेल्या होत्या, म्हणजे भ्रूण वाढला की कवच आपोआप उकलतं तसं त्यांचं उकललं नव्हतं. भ्रूण इवलासा, पण एकसारखा लाल. म्हणजे कोरडेपणाने मेल्या नाहीत, वाढ तेवढी थांबली. तेव्हा बेत बदलला. वरच्या थरातल्या टणक, न चिरलेल्या बिया दोन बोटांत दाबून निवडणार आणि आणखी एक वर्ष वाळूत ठेवणार. मऊ लागली की बाद. पेटी घराच्या उत्तरेला, वीतभर जास्त खोल, वर पानांचा जाड थर. जूनपासून दर आठवड्याला वाळू मुठीत दाबून बघायची.

खालच्या थरातल्या चिरलेल्या बिया ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात शुगर मेपलखाली, दीड सेंटिमीटर खोल. तोवर ओलसर वाळूत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, दर दोन दिवसांनी वास घेत. एप्रिलच्या शेवटी तीन पानं वर आली की फोटो टाकते.