डिमरस्टॅटचा नॉब शून्याजवळ असतो तेव्हा

डिमरस्टॅट म्हणा किंवा व्हेरिॲक, दोन्ही मुळात व्यापारी नावं. व्हेरिॲक हे नाव जनरल रेडिओ कंपनीनं १९३०च्या दशकात रूढ केलं. वस्तू एकच, नॉब फिरवून एसी व्होल्टेज कमी-जास्त करणारी: गोल लोखंडी कोअरवर तांब्याच्या तारेची एकच गुंडाळी, तिच्या एका कडेवरचं इनॅमल काढून उघडी केलेली पट्टी आणि त्या पट्टीवर फिरणारा कार्बनचा ब्रश. मेन्स, म्हणजे बोर्डातला २३० व्होल्टचा पुरवठा, गुंडाळीला जोडायचा आणि गुंडाळीचं एक टोक व ब्रश यांच्यामधून आउटपुट घ्यायचं. ट्रायॅकचा (इलेक्ट्रॉनिक स्विचचा) रेग्युलेटर लहर कापून व्होल्टेज कमी करतो. इथे लहर पूर्ण साइन राहते, म्हणूनच चाचणीच्या टेबलावर याला पर्याय नाही.

व्होल्टेज खाली ठेवलंय म्हणजे आपण सुरक्षित आहोत, असं अनेकांना वाटतं. हा समज मशीनच्या बाबतीत चुकीचा आहे आणि माणसाच्या बाबतीतही.

आधी मशीन. समजा पाटीवर २७० व्होल्ट, ८ ॲम्पिअर, २१६० व्हीए (व्होल्ट गुणिले ॲम्पिअर) लिहिलंय. ही व्हीए फक्त वरच्या टोकाला मिळते. ८ ॲम्पिअर ही ब्रशची आणि तारेची मर्यादा आहे, नॉब कुठेही असला तरी तीच. ५० व्होल्टवर तुम्हाला ४०० व्हीएच घेता येतात. आता २० व्होल्टवर कुणी जाड तारेचा छोटा हीटर लावून २५ ॲम्पिअर ओढले, तर मेन्सकडून किती येतात? २० गुणिले २५ भागिले २३०, म्हणजे जेमतेम २.२ ॲम्पिअर. इनपुटचा ८ ॲम्पिअरचा फ्यूज निवांत बसून राहतो आणि तिकडे ब्रशखालची तार लाल होते. जळालेल्या डिमरस्टॅटवर काळा डाग बहुधा शून्याच्या बाजूलाच सापडतो, त्याचं कारण हे.

म्हणून आउटपुटला, ब्रशच्या तारेत, ब्रशच्या रेटिंगएवढा किंवा किंचित कमी फ्यूज हवाच. इनपुटचा फ्यूज वेगळा, तो काढायचा नाही. आउटपुटच्या तारेत एक अॅमीटरही कायमचा बसवा. माझ्या मते व्होल्टमीटरपेक्षा तोच जास्त उपयोगी.

आता माणूस. डिमरस्टॅट हा ऑटोट्रान्सफॉर्मर आहे, त्याची इनपुट आणि आउटपुट बाजू एकमेकींपासून तुटलेली नसते. इनपुट-आउटपुटला सामाईक असलेलं टोक न्यूट्रलवर असेल तर नॉब शून्यावर असताना आउटपुटच्या दोन्ही तारा न्यूट्रलजवळ राहतात. प्लग उलटा बसला किंवा बोर्डातच फेज-न्यूट्रल अदलाबदल झाली, तर सामाईक टोक फेजवर जातं. मीटर शून्य दाखवतो, आणि दोन्ही तारा अर्थच्या तुलनेत २३० व्होल्टवर असतात! मध्येच न्यूट्रल सुटला तरी परिणाम तोच. म्हणून दोन पिनांचा प्लग नको, तीन पिनांचाच हवा आणि स्विच दोन्ही तारा तोडणारा हवा. जोडणी झाल्यावर, काहीही लोड न लावता, सामाईक टर्मिनल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटर लावा. एखाद-दोन व्होल्ट दिसले तर ठीक. २३० दिसले तर तिथेच थांबून वायरिंग दुरुस्त करा.

उघड्या सर्किटवर काम करायचं असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे इनपुट आणि आउटपुटच्या गुंडाळ्या एकमेकींपासून तुटलेला ट्रान्सफॉर्मर, वेगळा लागतो. तो मेन्स आणि डिमरस्टॅट यांच्यामध्ये ठेवावा. उलटा क्रम चालतो, पण मग नॉब २७० पर्यंत गेला की आयसोलेशनचा कोअर संपृक्त होऊन (चुंबकत्वाची मर्यादा गाठून) तापतो. एक गोष्ट लक्षात असू द्या: आयसोलेशनच्या पुढे ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) धावून येत नाही, कारण गळतीचा प्रवाह त्याच्याकडे परततच नाही. शिवाय ऑसिलोस्कोपच्या प्रोबचा अर्थ क्लिप लावलात की ते टोक अर्थ झालं आणि आयसोलेशन तिथेच संपलं. दोन्ही हातांनी दोन ठिकाणी स्पर्श केलात तर कोणताच ट्रान्सफॉर्मर वाचवत नाही.

निवडताना आधी लोडचे ॲम्पिअर काढा, व्हीए नंतर. इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलाला ४ ॲम्पिअर सहसा पुरतात. हीटर, हीटिंग मँटल (प्रयोगशाळेत फ्लास्क तापवायचं साधन) यांना ८ ते १०. बहुतेकांवर दोन प्रकारची जोडणी मिळते: पूर्ण गुंडाळीला मेन्स दिला तर ०–२३०, मधल्या टॅपला दिला तर ०–२७०. जास्त व्होल्टेजची खास गरज नसेल तर ०–२३० जोडा. नॉब चुकून टोकाला गेला तरी वस्तू वाचते. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ५० हर्ट्झवर त्याच व्होल्टेजला वापरू नका. डीसी तर कधीच नाही.

मेन्स चुकून आउटपुटच्या टर्मिनलांना जोडला आणि नॉब खाली असला, तर मोजक्या वेढ्यांवर सगळे २३० व्होल्ट पडतात. हा जवळजवळ थेट शॉर्टच. टर्मिनलांवर रंगानं ठळक खुणा करा.

जुना घेत असाल तर वीज न देता नॉब पूर्ण फिरवा आणि टॉर्च धरून पट्टी पाहा. डाग, वितळलेले वेढे, सरकलेली तार दिसली तर सोडून द्या. सामाईक टोक ते ब्रश असा रेझिस्टन्स मोजत फिरवा. आकडा सलग वाढला पाहिजे, मध्ये तुटता कामा नये. ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) गुंडाळी ते बॉडी आणि ब्रश ते शाफ्ट तपासा. १ मेगओहम ही अगदी तळाची रेषा, चांगल्या मशीनला त्याच्या कितीतरी पट मिळतात. नॉबचा धातूचा स्क्रू उघडा राहू देऊ नका.

चालू करताच एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पडतो, ही तक्रार नेहमीची. गोल कोअरला हवेची फट नसते, त्यामुळे पहिल्या क्षणी मोठा प्रवाह ओढला जातो, आणि नॉब शून्यावर असला तरी ओढला जातोच, कारण गुंडाळी कायम मेन्सवर असते. बी प्रकारचा एमसीबी त्याच्या रेटिंगच्या ३ ते ५ पट प्रवाहाला लगेच पडतो, सी प्रकारचा ५ ते १० पटीला. इथे सी लावा. नॉब शून्यावर ठेवून चालू करण्याची सवय मात्र हवीच. ती लोडसाठी आहे. काम झालं की शून्यावर आणून स्विच बंद. नुसतं शून्य म्हणजे बंद नव्हे.

लोड कोणता, यावरही बरंच अवलंबून. हीटरची पॉवर व्होल्टेजच्या वर्गानं बदलते: २३० व्होल्टचा १००० वॅटचा हीटर ११५ वर साधारण २५० वॅटच देतो. इंडक्शन मोटर कमी व्होल्टेजवर अडकून तापते, कॉम्प्रेसर तर लावूच नये. एसएमपीएस (कॉम्प्युटर, चार्जर यांतला स्विचिंग पॉवर सप्लाय) हळूहळू वर नेण्यानं फारसं काही साधत नाही. एकदा सुरू झाला की व्होल्टेज कमी असेल तितका तो जास्त प्रवाह ओढतो. त्याला ६० किंवा १०० वॅटच्या फिलामेंट बल्बची सिरीज जास्त कामाची. जुना रेडिओ किंवा ॲम्प्लिफायर असेल तर डिमरस्टॅट उत्तम, पण व्हॉल्व्ह रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारी काचेची नळी) कमी व्होल्टेजवर तापतच नाही, हे ध्यानात ठेवा.

ब्रश बदलताना ड्रिल मशीनचा ब्रश घासून बसवण्याचा मोह होतो. नका करू. डिमरस्टॅटचा ब्रश फिरताना शेजारच्या दोन वेढ्यांना एकदम टेकतो, म्हणजे तेवढे वेढे त्याच्यातूनच शॉर्ट होतात. त्यातला फिरता प्रवाह फक्त कार्बनच्या रेझिस्टन्समुळे आवरला जातो. तांबं मिसळलेला ब्रश बसवला तर लोड नसतानाही तिथे तापतं. त्याच मॉडेलचा, त्याच रुंदीचा ब्रश घ्या, स्प्रिंगचा दाब पाहा. पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, लिंट न सोडणाऱ्या कापडानं पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच वीज द्या. एमरी पेपर नको. त्याचे कण वेढ्यांच्या फटीत अडकतात. आणि महिनोन्‌महिने एकाच जागी नॉब ठेवून चालवत असाल तर अधूनमधून, लोड काढून, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत काही वेळा फिरवा. उघड्या तांब्यावर साचलेला ऑक्साइडचा थर त्यानं निघतो.